स्काऊट-गाईड पथक कसे चालवावे : माहूर परिसरातील शाळांसाठी

स्काऊट-गाईड ही मुलांना जबाबदारी देऊन घडवण्याची शिक्षणपद्धती आहे. काम मुलाच्या हाती सोपवायचे, ते पुरे होईपर्यंत मोठ्यांनी जवळ उभे राहायचे पण हात घालायचा नाही, आणि बिघडले तर त्याच्याकडूनच पुन्हा करून घ्यायचे, एवढा तिचा गाभा. गणवेश, स्कार्फ, तीन बोटांची सलामी आणि संचलन ही तिची बाहेरची अंगे. बऱ्याच ठिकाणी पथक दिसते ते १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. ध्वजवंदन आटोपले की स्कार्फ कपाटात जातात. अशा पथकाचे संचलन देखणे असू शकते, पण मुलांचा स्वभाव घडण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

ही पद्धत रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने बसवली. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला १८९९ च्या ऑक्टोबरपासून १९०० च्या मेपर्यंत वेढा पडला होता. त्या काळात निरोप पोहोचवण्यासारखी कामे गावातल्या किशोरवयीन मुलांवर सोपवली गेली आणि त्यांनी ती नेटाने पार पाडली. हा अनुभव बेडन-पॉवेलने पुढे शांततेच्या काळासाठी वापरला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर त्याने सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. बड्या खासगी शाळांतली मुले आणि कामगारांच्या घरची मुले त्यात एकत्र होती. त्यांचे चार संघ पाडून प्रत्येकावर मुलांमधलाच एक नायक नेमला गेला. १९०८ मध्ये त्याचे ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले आणि १९१० मध्ये मुलींसाठी गाईड चळवळ उभी राहिली.

भारतात कॅप्टन टी. एच. बेकर यांनी १९०९ साली बेंगळुरूत पहिले पथक काढले, मात्र ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. भारतीय मुलांसाठी हे दार उघडण्याच्या खटपटीत ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी अशी मंडळी होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले नागपूरचे विव्हियन बोस हेही त्यांतलेच. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ अनेकांना खटकत होती आणि वेगळ्या संघटना निघाल्या त्यामागे हेही कारण होते. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही राष्ट्रीय संस्था झाली आणि १९५१ मध्ये गर्ल गाईड्सही तिच्यात आल्या. आजच्या प्रतिज्ञेत राजा नाही. ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊट नियमांचे पालन एवढेच तिच्यात आहे. ईश्वराच्या जागी धर्म हा शब्द घेण्याची मोकळीक आहे. नियम नऊ आहेत. विश्वासूपणा, विनय, प्राणिमात्रांशी मैत्री, सार्वजनिक मालमत्तेची राखण, धैर्य, काटकसर या गोष्टी त्यांत येतात.

वयानुसार तीन मुख्य विभाग आहेत. लहानांसाठी कब आणि बुलबुल, साधारण दहाव्या वर्षापासून स्काऊट आणि गाईड, त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. पाचवी ते दहावीच्या शाळेचा संबंध मुख्यतः मधल्या विभागाशी येतो आणि इथून पुढचे विवेचन त्याच विभागाचे आहे.

संघाची बांधणी

पथकात जास्तीत जास्त ३२ मुले असतात आणि ती सहा ते आठ जणांच्या संघांत विभागलेली असतात. सगळी करामत या लहान आकारात आहे. चाळीस मुलांच्या वर्गात एखादा गप्प बसला तर खपून जाते, सात जणांच्या संघात खपत नाही. तंबूचे खुंटे आणायला तो विसरला तर रात्री सहा जणांची पंचाईत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला मास्तरांनी काही सांगावे लागत नाही.

माहूर तालुक्यात या बांधणीला आणखी एक अर्थ येतो. एकाच शाळेत माहूर गावातली मुले असतात, बंजारा तांड्यांवरून येणारी असतात, गोंड, कोलाम आणि आंध वस्त्यांवरून पायी किंवा एसटीने येणारीही असतात. कोणाच्या घरी गोरमाटी बोलली जाते, कोणाच्या गोंडी किंवा कोलामी, शाळेत मराठी. डबा खाताना ही मुले बहुधा आपापल्या वस्तीप्रमाणे बसतात. संघ पाडताना नेमके हे मोडावे. वस्ती, जात आणि इयत्ता मुद्दाम मिसळून संघ करावेत. येण्याजाण्याच्या सोयीसाठी एका वस्तीचा एक संघ करण्याचा मोह टाळावा. जंगलाच्या कडेला वाढलेल्या मुलाला मातीतला माग आणि झाडाची साल ओळखता येते, बाजारपेठेतल्या मुलाला हिशेब आणि फोनवर बोलणे जमते. एकमेकांची गरज पडली की ओळख आपोआप होते, त्यासाठी एकात्मतेवर भाषण ठेवावे लागत नाही.

संघनायक मुलांनी निवडावा. शिक्षकाने नेमला तर तो वर्गाचा मॉनिटर होतो. बाकीच्यांपैकी प्रत्येकाकडे एक काम असावे : प्रथमोपचार पेटी, दोर आणि काठ्या, हजेरी आणि वर्गणीचा हिशेब, नोंदवही, शिबिरात शिधा. कामे दर सहा महिन्यांनी फिरवावीत. संघनायकांची महिन्याला एक सभा घ्यावी, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. सहल कुठे न्यायची, जमलेल्या पैशाचे काय करायचे, उशिरा येणाऱ्याला काय सांगायचे, हे या सभेत ठरते. शिक्षक तिथे बसतो आणि सुरक्षिततेचा प्रश्न आला तरच बोलतो. बहुतेक शिक्षकांना हा भाग सर्वांत जड जातो. मुलांनी बहुमताने घेतलेला थोडासा वेडगळ निर्णय, धोक्याचा नसेल तर, अमलात येऊ द्यावा आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते त्यांनाच मांडायला सांगावे. लोकशाहीचा हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचून कळत नाही.

या पद्धतीचा परिणाम तपासण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी फिलाडेल्फिया परिसरातील सुमारे १,८०० कब स्काऊट आणि सुमारे ४०० इतर मुले जवळजवळ तीन वर्षे अभ्यासली. मदत करण्याची वृत्ती, विश्वासूपणा, आनंदीपणा अशा बाबतींत कब स्काऊटांमध्ये वाढ दिसली, आणि नियमित येणाऱ्यांत ती अधिक होती. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या हजारो व्यक्तींच्या दीर्घकालीन पाहणीतून २०१६ मध्ये एडिंबरो आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी असे मांडले की, लहानपणी स्काऊट किंवा गाईड असलेल्यांना पन्नाशीत चिंता आणि मनोविकारांचा त्रास होण्याची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती. हे देश वेगळे, परिस्थिती वेगळी. शिवाय स्काऊटमध्ये जाणारी घरेही थोडी वेगळी असू शकतात. तरीही नियमितपणाचा मुद्दा सगळीकडे लागू पडावा. वर्षातून एक मोठा मेळावा करण्यापेक्षा आठवड्याला दीड तासाची बैठक जास्त उपयोगाची.

आठवड्याची बैठक

बैठकीचे साहित्य थोडे लागते : प्रत्येक संघाला दोन दोर, चार काठ्या, त्रिकोणी पट्ट्या आणि एक शिट्टी. ध्वज, प्रार्थना आणि पाहणी पंधरा मिनिटांत उरकावी, एखादा खेळ घ्यावा आणि उरलेला वेळ हाताच्या कामाला द्यावा. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी फळ्यावर काढून शिकवू नयेत. रीफ नॉटने जखमेची पट्टी बांधावी, क्लोव्ह हिचने काठीला दोर बांधून बादली टांगावी. बादली पडली की गाठ चुकली हे सगळ्यांनाच कळते.

उंचीचा अंदाज घेण्याचा पाठ सचोटीच्या दृष्टीने फार चांगला आहे. दीड मीटरची काठी उन्हात सरळ उभी करून तिची सावली मोजतात. ती एक मीटर भरली आणि त्याच वेळी सागाची सावली बारा मीटर भरली, तर साग अठरा मीटर उंच. तीन संघांना एकच झाड देऊन उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. सोळा, अठरा आणि एकवीस अशी उत्तरे आली तर बरोबर कोणते ते लगेच सांगू नये. सावली किती वाजता मोजली, जमीन उताराची होती का, टेप ताणून धरला होता का, हे मुलांनी एकमेकांना विचारावे. शेजारच्या संघाचे उत्तर पाहून आपले बदलणारा संघ इथे बहुधा उघडा पडतो. त्याला शिक्षा देऊ नये, पुन्हा मोजायला पाठवावे.

दिवसाला एक सत्कृत्य ही स्काऊटची जुनी रीत आहे. त्याची वही ठेवायला लावली की मुले आठवड्याच्या नोंदी एकदम बसून लिहितात आणि त्यांत आंधळ्या आजोबांना रस्ता ओलांडून देण्याचे प्रसंग माहूरच्या लोकसंख्येला न झेपतील इतके येतात. वही नकोच. काय केले ते कोणाला न सांगण्याची अट घालावी.

यात्रेतील सेवा

माहूर हे रेणुकामातेचे स्थान, महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. दत्तशिखर आणि अनसूया मंदिरही इथेच आहे. आश्विनातल्या नवरात्रात आणि मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला मराठवाडा, विदर्भ आणि तेलंगणातून भाविकांची रीघ लागते. सेवेचे असे क्षेत्र फार थोड्या शाळांना दारात मिळते. मुलांना दोरी धरून गर्दी थोपवायला उभे करणे ही मात्र सेवा नव्हे. गर्दीचे नियंत्रण पोलिसांचे आणि देवस्थानाच्या स्वयंसेवकांचे काम आहे, आणि चेंगराचेंगरीत तेरा वर्षांचा मुलगा सर्वांत आधी सापडतो. पाणी देणे, चपला आणि सामानाच्या जागी मदत, वृद्धांना वाट दाखवणे, परिसर स्वच्छ ठेवणे आणि हरवलेल्या मुलांना मदत ही पथकाला पेलणारी कामे आहेत. त्यासाठी पोलीस ठाणे आणि देवस्थान यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. पाळी दोन तासांहून मोठी नसावी, मुले नेहमी जोडीने असावीत आणि हाकेच्या अंतरावर एक शिक्षक असावा.

हरवलेल्या मुलाचा सराव यात्रेपूर्वी शाळेच्या मैदानावर दोन-तीनदा घ्यावा. एका मुलाने रडणारे लेकरू व्हायचे, जोडीने त्याच्याकडे जायचे. उभे राहून प्रश्न विचारू नयेत, गुडघ्यावर बसावे म्हणजे डोळे समोरासमोर येतात. आडनाव विचारण्यापेक्षा घरी काय म्हणून हाक मारतात ते विचारावे. खिशात किंवा मनगटावर फोन नंबरची चिठ्ठी आहे का ते पाहावे. जागा लगेच सोडू नये, कारण आई बहुधा तिथेच परत येते. पाच-दहा मिनिटांत कोणी आले नाही तर शिक्षकाला बोलावून मुलाला पोलीस मदत केंद्रात पोहोचवावे. कोणी ‘मी मामा आहे’ म्हणून आले तरी लेकरू परस्पर हवाली करू नये, केंद्रातच न्यावे. मुलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नये. तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांसाठी ‘भिऊ नको’, ‘आई कुठे आहे’, ‘नाव काय’ एवढी वाक्ये तेलुगूतून पाठ असावीत. सीमेवरच्या या तालुक्यात ती शिकवणारे कोणीतरी पथकातच सापडते.

जंगल, पैनगंगा आणि गड

सागवानाचे जंगल, पैनगंगेचा काठ, पांडवलेणी आणि रामगडाचा जुना किल्ला हे पायवाटेच्या अंतरावर आहे. सहलीच्या आधी शिक्षकाने ती वाट स्वतः चालून पाहावी आणि वनहद्दीत जायचे असेल तर वन विभागाची परवानगी घ्यावी. नदीत उतरू नये; पोहता येणाऱ्यांनीही नाही. कड्यांवर आणि पडक्या वास्तूंवर आग्या मोहोळ असण्याची शक्यता धरावी. तिथे धूर आणि आरडाओरड टाळावी. उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्याचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून शिबिरे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवलेली बरी.

साप चावल्यावर काय करायचे हे इथल्या प्रत्येक स्काऊटला झोपेतही सांगता आले पाहिजे. दोरी आवळू नये, काप देऊ नये, विष तोंडाने ओढू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला चालू न देता आडवे करावे, चावलेला अवयव फळीला बांधून हलणार नाही असा ठेवावा आणि १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. मुलाने हे घरी सांगितले तर घरची माणसे ऐकतीलच असे नाही. म्हणून पथकाने गावात, तांड्यावर आणि वस्तीवर त्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. तालुक्याला याहून उपयोगी अशी दुसरी सेवा सांगता येणार नाही.

गडाच्या स्वच्छतेत प्लास्टिक आणि काचा वेचाव्यात. भिंतीतली झाडे मुलांनी उपटू नयेत, कारण मुळांबरोबर दगड निखळतात. ते काम पुरातत्त्व खात्याचे. चुना किंवा रंग कशालाही लावू नये. गडाची माहिती सांगताना ती पूर्ण सांगावी. माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन १६६१ मध्ये उंबरखिंडीत मुघलांच्या बाजूने शिवरायांच्या सैन्यापुढे उभी होती. आपल्या गावातले माणूस विरुद्ध बाजूलाही असू शकते, हे समजणे चांगल्या नागरिकाला उपयोगी पडते; मुलींना तिची गोष्ट विशेष ऐकावीशी वाटते.

खरी कमाई

खरी कमाई म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याचा उपक्रम. महाराष्ट्रातील शाळांत स्काऊट-गाईडची खरी कमाई बहुधा खाऊच्या स्टॉलच्या रूपात होते. आईने घरी भेळेचे सामान तयार करून द्यायचे आणि मुलाने ते शिक्षकांना विकायचे, यात जत्रेची मजा असते, कमाई आईची असते. सामानाचे पैसे संघाने उसने घ्यावेत, चिरणे-कालवणे मुलांनी करावे आणि उसने फेडून जे उरेल तीच कमाई धरावी. तोटा झाला तर तोही नोंदवहीत लिहावा. रोपवाटिकेच्या पिशव्या भरणे, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांतून नव्या वह्या बांधणे, कागदी पिशव्या करणे हीही कामे चालतात. कापूस वेचणीसारख्या शेतमजुरीला पाठवून पैसे आणवणे यात बसत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. पैशाचे काय करायचे ते संघ ठरवतो आणि हिशेब सूचना फलकावर लावतो.

पथक सुरू करताना

सुरुवातीला एका शिक्षकाने आणि मुलींसाठी एका शिक्षिकेने जिल्हा संस्थेमार्फत प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे आणि पथकाची नोंदणी करावी. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण लागते. पहिल्या वर्षी दोन-तीन संघ पुरेत. मुक्कामी शिबिराला पालकांची लेखी संमती हवी, दोन प्रौढ सतत हवेत आणि मुलींच्या मुक्कामात शिक्षिका हवीच. कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा तंबूत थांबू नये. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलाच्या नोंदवहीत पहिल्या पानावर असावा.

पुरस्काराचा मोह हा या चळवळीला लागलेला रोग आहे. राष्ट्रपती पुरस्काराला मान आहे, रेल्वेभरतीत स्काऊट-गाईडसाठी वेगळा कोटा असतो, म्हणून काही पालक प्रमाणपत्र केव्हा मिळेल असे पहिल्याच सभेत विचारतात. मग न झालेल्या सहली नोंदवहीत चढतात आणि मागच्या तारखा पडतात. विश्वासू राहण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या मुलाकडून खोटी नोंद करून घेणे यापेक्षा पथक बंद ठेवलेले बरे. सोपान उशिरा पूर्ण झाला तर होऊ द्यावा.

दहावीनंतर मुले किनवट, नांदेड किंवा यवतमाळकडे शिकायला जातात आणि बहुतेकांचा पथकाशी संबंध तुटतो. पथकाने त्यांचे पत्ते ठेवावेत, महाविद्यालयात रोव्हर किंवा रेंजरचे पथक असेल तर त्याची माहिती द्यावी आणि नवरात्रातल्या सेवेला त्यांना धाकट्यांबरोबर बोलवावे. त्या भेटीत मतदार नोंदणीचेही काम उरकते. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना नमुना क्रमांक ६ चा अर्ज आगाऊ भरता येतो. अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा आहेत. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे किंवा ऑनलाइन देता येतो.